मुलांना चित्रे दाखवू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. सातवी शिकलेल्या बाईने चित्रकारांवर बोलायचे म्हणजे लोक हसतील, असे मला वाटले. त्या म्हणाल्या, "भाषण नका करू. शनिवारी दुपारी तुमच्या ओट्यावर पोरे गोळा करून तुम्ही जे काय करता, तेवढेच सांगा." तेवढे मला येते. शिवाय आज मला तुमच्यापाशी एक मागणे मागायचे आहे, म्हणूनही उभी राहिले. मागणे शेवटी सांगेन. आधीच सांगितले तर निम्म्या जणी चहाला उठतील.

ही गोष्ट माझ्या धाकट्यापासून सुरू झाली. तो तेव्हा दुसरीत होता. शाळेत त्याने एक झाड काढले आणि त्याचे खोड निळे रंगवले. त्या चित्रावर लाल शाईची फुली आली आणि बाजूला शेरा आला, 'खोड तपकिरी असते.' मी त्याला विचारले, "का रे बाबा, निळे का केलेस?" तर म्हणाला, "आपला परसातला शेवगा संध्याकाळी निळाच दिसतो." मी त्या संध्याकाळी मुद्दाम परसात जाऊन पाहिले. दिवेलागणीच्या वेळी खरेच निळसर दिसतो हो! इतकी वर्षे त्याच्या शेंगा काढते आहे, पण मला कधी दिसले नव्हते.

फुली मारणाऱ्या बाईंना मी नावे ठेवीत नाही. वर्गात पन्नास पोरे असली म्हणजे प्रत्येकाच्या परसातला शेवगा कोण बघायला जाणार? पण पोराने त्या दिवसापासून रंगाची पेटी उघडली नाही. चार महिने गेले. चित्रकलेच्या तासाला त्याच्या पोटात दुखू लागले. घरी कोणी म्हटले, "हत्ती काढ की रे," तर "मला येत नाही" म्हणून बाहेर पळायचा. सात वर्षांच्या पोराने आपल्याला एखादी गोष्ट येत नाही असे कायमचे ठरवून टाकावे, हे माझ्या मनाला फार लागले. पण करावे काय, ते सुचेना. मारून-मुटकून चित्र थोडेच काढून घेता येते!

अशात पुण्याच्या जाऊबाईंनी एक खोके पाठवले. त्यांची मुले मोठी झाली, त्यांची जुनी पुस्तके आमच्याकडे आली. त्यात एक पातळसे इंग्रजी पुस्तक होते, 'कॅमिल अँड द सनफ्लॉवर्स' नावाचे. लॉरेन्स अ‍ॅनहोल्ट नावाच्या लेखकाचे, १९९४ साली निघालेले. मला इंग्रजी येत नाही. थोरली नववीत, तिने वाचून अर्थ सांगायचा आणि मी चित्रे दाखवायची, असे आम्ही वाटून घेतले. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आम्ही त्याला बोलावले नाही. आम्ही दोघीच मोठ्याने बोलत राहिलो.

गोष्ट अशी. फ्रान्स देशातल्या आर्ल गावात टपालखात्यात काम करणाऱ्या एका माणसाचा मुलगा कॅमिल. त्या गावात एक परका चित्रकार येतो. त्याच्याजवळ पैसा नाही, कोणी मित्र नाही. टपालवाल्याचे कुटुंब त्याला आपले म्हणते. तो त्या घरातल्या सगळ्यांची चित्रे काढतो, आईचे, बापाचे, मोठ्या मुलाचे, तान्ह्या बाळाचे आणि कॅमिलचेही. गावातले लोक मात्र त्याच्या चित्रांना हसतात. तो चित्रकार म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग. पुस्तकातली गोष्ट मुलांसाठी रचलेली आहे, पण माणसे खरी आहेत. टपालवाल्याचे नाव जोसेफ रुलँ. व्हॅन गॉग १८८८ च्या फेब्रुवारीत आर्लला आला आणि रुलँच्या घरातल्या पाचही जणांची चित्रे त्याने खरोखरच काढली. कॅमिल तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या एका चित्रात डोक्यावर निळी टोपी आहे आणि मागची सगळी बाजू पिवळीधम्मक.

धाकटा केव्हा उठून माझ्या मांडीशी आला ते कळले नाही. त्याने त्या पिवळ्या रंगावर बोट ठेवले आणि विचारले, "मागे असे पिवळे असते का कुठे?" थोरली म्हणाली, "नसते. त्याला तसे करावेसे वाटले." पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग विचारतो, "मग त्याच्या बाईंनी फुली नाही मारली?"

मी काय सांगणार? मी थोरलीला म्हटले, आपण याचे खरे उत्तर शोधून काढू. तिने वाचनालयातून दुसरे पुस्तक आणले, त्यातून कळले की फुलीच मारली म्हणायची. १८८९ साली आर्लच्या तीसएक लोकांनी सह्या करून अर्ज दिला की या माणसाला गावात मोकळा फिरू देऊ नका. आणि ज्यांनी तो अर्ज केला त्यांची नावे आज कोणी घेत नाही, सूर्यफुले मात्र जगभरच्या भिंतींवर आहेत. ती सूर्यफुले त्याने १८८८ च्या ऑगस्टमध्ये काढली ती आपला मित्र गोगँ राहायला येणार, त्याची खोली सजवावी म्हणून. आपण पाहुणा येणार म्हणून उशांचे अभ्रे बदलतो, तसेच की हे! हे सांगितल्यावर मुलांना तो चित्रकार एकदम जवळचा वाटला.

आणखी एक गंमत सांगते, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. त्याने आपल्या झोपायच्या खोलीचे चित्र काढले. एक पलंग, दोन खुर्च्या, खिडकी, खुंटीला अडकवलेले कपडे. बस्स. चित्रात भिंती निळ्या दिसतात. पण त्याच्या स्वतःच्या पत्रांत त्या फिक्या जांभळ्या असल्याचे लिहिलेले आहे. जांभळ्यातला लाल रंग इतक्या वर्षांत उडून गेला आणि निळा तेवढा उरला. थोरलीने हे वाचून दाखवताच धाकटा म्हणाला, "म्हणजे चित्रसुद्धा लुगड्यासारखे विटते?" हा शब्द त्याने आजीकडून उचललेला.

दुसऱ्या दिवशी त्याने रंगाची पेटी काढली असे मला सांगायला आवडले असते, पण तसे झाले नाही. आठ-दहा दिवस गेले. मग एका रविवारी त्याने आमच्या खोलीचे चित्र काढले. लोखंडी कॉट, तिच्याखालची ट्रंक, पाण्याचा माठ आणि दोरीवरचे कपडे. माठ त्याने हिरवा केला. मी काही बोलले नाही. ते चित्र आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर अजून आहे.

आता तुमच्यातल्या काहीजणींच्या मनात आलेच असेल, की या व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापून घेतला होता म्हणतात, शेवटी गोळी झाडून घेतली म्हणतात, असल्या माणसाची ओळख लहान मुलांना कशाला? शेजारच्या एका वहिनींनी मला हे तोंडावर विचारले आणि त्यांचे विचारणे चूक नव्हते. मी रात्रभर विचार केला. पुस्तकात ते काही नव्हते, पण पोरे मोबाईलवर सगळे शोधतात. आज ना उद्या कळणारच. मी धाकट्याला एवढेच सांगितले की तो फार आजारी पडला, ताप-खोकल्यासारखे नव्हे, मनाने आजारी. आणि १८९० साली सदतीस वर्षांचा असताना वारला. थोरलीला मात्र सगळे खरे सांगितले. तिला एक गोष्ट निक्षून सांगितली, की तो आजारी होता म्हणून चांगली चित्रे काढीत होता असे समजू नकोस. बरा असे तेव्हा तो काम करी, आणि त्याचा भाऊ थिओ त्याला दर महिन्याला पैसे पाठवी, म्हणून रंग विकत येत. थोरली यावर बराच वेळ बोलत बसली माझ्याशी. नववीतली मुलगी आईशी आपणहून बसून बोलते हे केवढे भाग्य, ते ज्यांच्या घरी नववीतली मुलगी आहे त्यांनाच कळेल.

इकडे आमच्या सासूबाई सगळे ऐकत होत्या. एके दिवशी जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं, फ्रान्सचे झाले, आपल्याकडे कोणी चित्रकार झालेच नाहीत की काय?" मला लाजल्यासारखे झाले. कारण आमच्या देवघरातली लक्ष्मी, कमळावर उभी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती, ती कोणी काढली हे मी इतकी वर्षे पोरांना सांगितलेच नव्हते. ती राजा रविवर्म्यांची. केरळातल्या किळिमानूरचे हे गृहस्थ, जन्म १८४८ चा. लहानपणी कोळशाने भिंती रंगवीत, आणि मामाने त्यांना मार न देता चित्रकला शिकवली, असे सांगतात. पुढे मोठमोठ्या संस्थानिकांसाठी तैलचित्रे काढली. पण आपल्या-तुपल्या घरात त्यांची चित्रे आली ती छापखान्यामुळे. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना घातला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तेव्हापासून ज्याला देवळात जाता येत नव्हते त्याच्याही घरात लक्ष्मी-सरस्वती आल्या. मी पोरांना देवघरापुढे बसवून विचारले, "हिच्याकडे देव म्हणून नको, चित्र म्हणून बघा. काय दिसते?" शेजारची पाच वर्षांची चिमुरडी म्हणाली, "हिने चपला नाही घातल्या." सासूबाई हसून हसून बेजार.

पण इथेच माझी एक चूक झाली, तीही सांगते. आमच्या बाहेरच्या खोलीत एका जुन्या कॅलेंडरचे चित्र चौकट करून लावले आहे. हातात समई धरलेली बाई, दुसऱ्या हाताचा आडोसा केलेला, आणि त्या ज्योतीचा उजेड बोटांतून झिरपतो आहे. तुम्हीही पुष्कळ घरांत पाहिले असेल. मी पोरांना ठोकून सांगितले, हेही रविवर्म्यांचे. थोरलीने पुस्तकात पाहून मला गप्प केले. ते चित्र आपल्या सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे, १९४५-४६ च्या सुमाराचे, आणि तैलरंगांतले नव्हे, जलरंगांतले! समई धरून उभी राहिली ती त्यांचीच मुलगी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. तिथे रविवर्म्यांचीही चित्रे आहेत, म्हणून लोकांचा असा घोटाळा होतो. मी पोरांपुढे कान पकडले. आईचे चुकते आणि पुस्तकात पाहून दुरुस्त करता येते, हे पाहून पोरांना जो आनंद झाला तो चित्रापेक्षाही जास्त होता.

मग आम्ही ठरवले की आता छापलेले पुरे, मूळ चित्र पाहायचे. आपल्या साताऱ्याहून औंध किती लांब आहे सांगा? एस. टी. ने सकाळी निघाले की संध्याकाळी घरी. यमाईच्या नवरात्राला आपण जातो, ओटी भरतो आणि परत येतो. त्याच डोंगरावर भवानी संग्रहालय आहे, तिकडे आपल्यातल्या किती जणी गेल्या असतील? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. हे राजे स्वतः चित्रकार. त्यांनी सगळे रामायण चित्रांत काढून १९१६ साली छापून प्रसिद्ध केले. राजाने चित्रांचे पुस्तक काढावे, हे आपल्याच जिल्ह्यात घडले, आणि आम्ही मुलांना चित्रांचे पुस्तक द्यायला कांकू करतो!

तिथे रविवर्म्यांची अस्सल तैलचित्रे आहेत. चार मुले बरोबर नेली होती. दारातून आत गेल्यावर ती एकदम गप्प झाली. पुस्तकातले चित्र तळहाताएवढे, आणि इथे उभ्या माणसाएवढे! धाकटा इतका जवळ गेला की राखणदाराने हाक मारली. पण रागावले नाहीत ते, म्हणाले, "बाळ, हात लावू नको, लांबून बघ, मग जवळून बघ, मग पुन्हा लांबून बघ." इतकी उत्तम शिकवण मी कोणत्याही पुस्तकात वाचली नाही. जवळून नुसते रंगाचे फटकारे, आणि चार पावले मागे आले की त्याचाच जरीचा काठ होतो. परत येताना एस. टी. त पोरांनी हाच खेळ केला, खिडकीला नाक लावून बघायचे आणि मग मागे सरायचे.

असे करता करता माझ्या ओट्यावर शनिवारी पोरे जमू लागली. आधी तिघे होते, आता अकरा येतात. काय करतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल. पुस्तकातला मजकूर मी आधी वाचत नाही. चित्र उघडून ठेवते आणि सगळ्यांनी नुसते बघायचे. मग ज्याला जे दिसले ते त्याने सांगायचे. चित्रकाराचे नाव सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन शनिवारी मी शाळेसारखे प्रश्न विचारले, कुठे जन्मला, कोणत्या साली. तर तिसऱ्या शनिवारी दोनच पोरे आली! तेव्हा शहाणी झाले. आणखी एक, पातळ कागद ठेवून चित्र गिरवायला देऊ नका. गिरवलेले चित्र सुबक येते, पण पोर त्याच्याकडे पुन्हा ढुंकून पाहत नाही.

सगळ्यांत रमली पोरे ती जामिनी रॉय यांच्या चित्रांत. हे बंगालमधले, बांकुडा जिल्ह्यातल्या बेलियातोड गावचे, १८८७ साली जन्मलेले. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत विलायती पद्धतीने शिकले, साहेबी थाटाची चित्रे काढून नाव मिळवले, आणि मग ते सगळे सोडून आपल्या खेड्यातल्या पटचित्रांकडे वळले. जाड काळी रेघ, लांबट मोठे डोळे, सपाट रंग. विकतचे विलायती रंग टाकून माती, खडू, काजळी असले रंग वापरू लागले आणि डिंक म्हणून चिंचोक्याची खळ. चित्रेही स्वस्तात विकीत, साध्या माणसाला घेता यावीत म्हणून. १९७२ साली ते वारले. त्यांनी काढलेली तोंडात मोठी कोळंबी धरलेली मांजर पाहून आमच्या गल्लीतली मासे खाणारी पोरे टाळ्या पिटू लागली आणि न खाणारी नुसती बघत राहिली.

चिंचोक्याची खळ म्हटल्यावर सासूबाई उठल्याच. त्यांच्या माहेरी घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ देत. त्यांनी चिंचोके भाजून, साले काढून, रात्रभर भिजवून, वाटून, शिजवून खळ करून दाखवली. मी डब्यातली हळद दिली, कुंभारवाड्यातून गेरू आणला, समईवर ताटली धरून काजळी काढली, पांढऱ्याला खडू कुटला. अकरा पोरांनी अकरा मांजरी काढल्या. ओटा धुवायला मला दीड तास लागला आणि ह्यांनी दोन दिवस "हळदीला काय भाव आहे ठाऊक आहे का?" असे विचारले. पण खरी मजा पुढे. ती चित्रे आम्ही ओट्यावर उन्हात लावली, आणि पंधरा दिवसांत हळदीच्या मांजरी फिक्या पडल्या. गेरूच्या मात्र जशाच्या तशा. धाकटा धावत आत आला, "आई, व्हिन्सेंटच्या भिंतीसारखे झाले!" पुस्तकातली गोष्ट अशी घरी येऊन बसली की मग ती विसरत नाही.

अमृता शेरगिल यांच्याविषयी मात्र मला जरा सावकाश सांगायचे आहे. 'माय नेम इज अमृता' नावाचे एक मुलांचे पुस्तक आहे, अंजली रघबीर यांचे, चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचे. वाचनालयातल्या ताईंनी ते मागवून दिले. अमृताबाईंचे वडील शीख सरदार, आई हंगेरीची. जन्म १९१३ साली बुडापेस्टला. सोळाव्या वर्षी चित्रकला शिकायला पॅरिसला गेल्या, १९३४ च्या अखेरीस परत आल्या, १९३६ साली आपली अजिंठ्याची लेणी पाहिली आणि १९४१ साली लाहोरला वारल्या. वय अवघे अठ्ठावीस. एवढ्या थोड्या वर्षांत त्यांनी हिंदुस्थानातल्या साध्या बायकांची चित्रे काढली, न्हाणाऱ्या-माखणाऱ्या, नटणाऱ्या, नुसत्या बसलेल्या.

त्यांचे १९३५ सालचे 'तीन मुली' नावाचे चित्र आहे. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ साली त्याला सुवर्णपदक दिले. तीन मुली शेजारी बसल्या आहेत. मागे घर नाही, दार नाही, झाड नाही. एकीचीही नजर वर नाही. त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे विचारले, "काय दिसते?" लहान पोरे म्हणाली, कंटाळल्यात, भांडण झालेय, फोटो काढतोय कोणी. मग गल्लीतली एक आठवीतली मुलगी, जी कधी तोंड उघडत नाही, ती हळूच म्हणाली, "काकू, ह्यांना बाहेर बसवलेय, आणि आत घरात ह्यांच्याविषयीच बोलणे चाललेय."

मैत्रिणींनो, माझ्या हातातले पुस्तक तसेच राहिले. कारण मी तशी बसलेली आहे. सातवीचा निकाल लागला होता, मला चित्रकलेत पहिला नंबर होता. मी पडवीत जात्याशेजारी बसले होते, आणि आत वडील, मामा आणि थोरले काका बोलत होते. पुढची शाळा दुसऱ्या गावी, पोरीला एकटी कशी पाठवायची, असे चालले होते. वाईट कोणीच नव्हते त्यांच्यात. मला आत बोलावले नाही, एवढेच. ती पडवी मी पंचवीस-तीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. आणि तिकडे एका बाईने माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ती रंगवून ठेवली होती.

मी त्या मुलीला विचारले, "तुझ्याविषयी आत बोलणे चालले आहे का गं?" ती काही बोलली नाही. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिची आई आज इथे आहे, तिने हे सांगायला मला परवानगी दिली आहे. शिकवणीचा खर्च, धाकट्या भावाचा प्रवेश, मुलीची शाळा नववीला सोडवावी का, असे खरेच चालले होते. आम्ही दोघी पुष्कळ वेळ बोललो. दुसऱ्या दिवशी त्या माउलीने मुलीला बोलावून समोर बसवले आणि काय तो हिशेब तिच्या देखत केला. मुलगी नववीत गेली आहे. पुढे काय होईल ते मी कशाला सांगू? पण ती आत बसली होती.

आता माझे मागणे. आपल्या मंडळाच्या शिलकीतून यंदा मोठे पातेले आणि दोन डझन खुर्च्या घ्यायच्या असे कार्यकारिणीत चालले आहे. पातेले घ्या; मागच्या हळदीकुंकवाला मसाले दूध कमी पडले ते मलाही आठवते. खुर्च्या मात्र एकच डझन घ्या, आणि उरलेल्या पैशात मुलांसाठी चित्रांची पुस्तके घ्या, असे माझे म्हणणे आहे. कार्यकारिणीत तीन हरकती निघाल्या. पहिली, पुस्तके महाग असतात. काही असतात, खरे आहे. पण सगळी नवीच कशाला? जुन्या पुस्तकांच्या दुकानात अर्ध्या-पाव किमतीत मिळतात. शिवाय ज्यांच्या माळ्यावर 'दीपावली'चे जुने अंक पडले असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे म्हणजे फुकटचा खजिना आहे. मुळगावकरांची कॅलेंडरेही आणा. दुसरी हरकत, पोरे फाडतील. फाडतील! आपण खळीने चिकटवू, सासूबाई आहेत. तिसरी, ही पुस्तके इंग्रजीत असतात. सगळी नसतात. माधुरी पुरंदरे यांनी केलेल्या 'वाचू आनंदे' या मराठी पुस्तकांत उताऱ्यांच्या जोडीला आपल्या चित्रकारांची चित्रे आहेत, तिथून सुरुवात करा. आणि जी इंग्रजी आहेत ती वाचायला आपल्या मुली आहेतच. मला विचाराल तर मुलगी वाचते आणि आई ऐकते, यात माझे काही कमी झाले नाही.

पुस्तकांना कपाट लागेल. एक जुने जाळीचे फडताळ माझ्याकडे रिकामे आहे, त्याला एका बाजूने पाय नाही, तो ह्यांनी बसवून द्यायचे कबूल केले आहे. ते सध्या आमच्या जिन्याखाली राहील. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता ज्यांना जमेल त्यांनी पोरांना घेऊन या. जुनी कॅलेंडरे आणि अंक असले तर तेही आणा. आणि हळद ज्याने त्याने आपापल्या घरून आणावी, एवढी ह्यांची विनंती आहे.